फेरमतदानाचा खर्च कसा मांडावा

इंदूरमधल्या आपल्या मराठी संस्थांपैकी एखाद्या संस्थेत कार्यकारिणीच्या निवडणुकीवरून वाद झाला, की सभेत हमखास मागणी होते: पुन्हा मतदान घ्या. ही मागणी पुष्कळदा रास्त असते. पण ठराव मतास टाकण्यापूर्वी खर्चाचा कागद सभासदांच्या हातात पडला पाहिजे. तो कागद कसा तयार करावा, याविषयी हे लेखन आहे.

सर्वांत आधी कोषाध्यक्षांनी मतदार यादी पुढे घ्यावी. मागच्या वेळी किती जणांनी मत दिले, त्यावरून अंदाज बांधण्याची चूक जवळपास प्रत्येक समिती करते. मतपत्रिका, पाकिटे आणि टपाल यांवरचा खर्च यादीतल्या नावांवर ठरतो, मत देणाऱ्यांवर नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात 2008 साली हेच दिसले. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यात चुरस होती. पक्षाच्या नियमांना डावलून तिथली प्राथमिक निवडणूक, म्हणजे उमेदवार निवडण्यासाठी राज्यात होणारे मतदान, 29 जानेवारीलाच उरकली गेली होती, म्हणून उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनातली त्या राज्याच्या प्रतिनिधींची मते पक्षाने रद्द केली. मार्चमध्ये राज्यातील पक्षाने मुख्यतः टपालाने फेरमतदान घेण्याची योजना मांडली, आणि तिचा खर्च 1 कोटी ते 1 कोटी 20 लाख डॉलर सांगितला गेला. पक्षाचे नोंदणीकृत मतदार 40 लाखांहून अधिक होते, म्हणजे नावामागे जेमतेम तीन डॉलर. जानेवारीत प्रत्यक्ष मत दिलेले साडेसतरा लाखांच्या आसपास होते. तेवढेच लोक पुन्हा आले असते, तर हाच खर्च मतामागे जवळजवळ सात डॉलर पडला असता. सभेपुढे हे दोन्ही आकडे ठेवावेत, कारण पहिला आकडा स्वस्ताईचा भास निर्माण करतो.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. यादीत 2400 नावे आहेत आणि जाणारे पाकीट, तिकीट लावलेले परतीचे पाकीट, मतपत्रिका व सहीचा प्रतिज्ञापत्र-कागद मिळून नावामागे 40 रुपये पडतात, असे समजा. खर्च 96,000 रुपये झाला. मते 800 आली, तर प्रत्येक मत 120 रुपयांना पडले. याच्या शेजारी एका दिवसाच्या मतदानाचा हिशेब मांडावा: सभागृहाचे भाडे, टेबल-खुर्च्या, छपाई, मतदान कर्मचाऱ्यांचे मानधन व जेवण. हा खर्च नावांच्या संख्येने फारसा वाढत नाही. मात्र सुदामानगरातले वयस्कर सभासद आणि पुण्याला मुलांकडे राहायला गेलेले सभासद त्यातून सुटतात. त्यांना वगळून होणारी बचत मी बचत मानत नाही, आणि समितीनेही मानू नये.

पडताळणीचा खर्च सहसा कागदावर येतच नाही. मी ज्या संस्थेच्या निवडणूक समितीवर होतो, तिथे एका उमेदवाराचे नाव मतपत्रिकेत छापायचे राहून गेले आणि टपालाने फेरमतदान घ्यावे लागले. तीन आठवड्यांनी कार्यालयातल्या टेबलावर परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा जमला. कुणी घर बदलले होते, कुणी वारले होते, आणि एका पाकिटावर पोस्टमनने निळ्या शाईने 'मकान टूट गया' असे लिहिले होते. नवे पत्ते शोधण्यात आणि सभासद-अर्जावरच्या वीस वर्षांपूर्वीच्या सहीशी आताची कापरी सही जुळवण्यात आम्हा चौघांचे अकरा दिवस गेले. फ्लोरिडाची योजनाही याच जागी अडखळली: नमुना सह्या सरकारी निवडणूक कार्यालयांकडे होत्या आणि मतदान मात्र पक्ष घेणार होता. 17 मार्च 2008 रोजी पक्षाने ती योजना सोडून दिली. म्हणून पडताळणीचे दिवस मोजावेत आणि त्यांचे मानधन धरावे, मग काम करणारे ते घेवोत अथवा न घेवोत.

पैसे कोण देणार, हे तारखेच्या आधी ठरवावे. मिशिगन राज्याच्या प्रतिनिधींची मतेही याच कारणाने रद्द झाली होती आणि तिथेही त्याच वर्षी सुमारे 1 कोटी डॉलर खर्चाचे फेरमतदान खाजगी देणग्यांतून घेण्याचा बेत होता. देणग्या उभारायला पुढे आलेल्यांत क्लिंटन यांचे समर्थक गव्हर्नर होते, त्यामुळे पैशाच्या उगमावरच शंका घेतली गेली. शिवाय जानेवारीत रिपब्लिकन पक्षाच्या निवडणुकीत मत दिलेल्यांना यात मत द्यायचे की नाही, यावरूनही वाद झाला. तोही बेत फसला. यातून दोन नियम घ्यावेत. उमेदवाराची किंवा त्याच्या आप्तांची देणगी या कामासाठी स्वीकारू नये. आणि यादी कोणत्या तारखेची धरायची, हे ठरावातच लिहावे, अन्यथा नव्याने वर्गणी भरलेल्यांचा प्रश्न छपाई झाल्यावर उभा राहतो आणि छपाई दुसऱ्यांदा करावी लागते.

फेरमतदान न घेण्याची किंमतही त्याच कागदावर असावी. 31 मे 2008 रोजी पक्षाच्या नियम समितीने दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना प्रत्येकी अर्धे मत दिले, आणि ऑगस्टच्या अधिवेशनात पूर्ण मते परत मिळाली. नव्या मतदानाचा खर्च वाचला. पण मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचे नाव नव्हतेच, त्यामुळे तिथल्या प्रतिनिधींची वाटणी मतदारांऐवजी समितीला करावी लागली. आपल्या संस्थेत तडजोडीने जागा वाटायच्या असतील, तर नियमावलीत तशी तरतूद आहे का ते आधी पाहावे. संस्था मध्यप्रदेशच्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर पंजीयक (निबंधक) कार्यालयात नव्या कार्यकारिणीची यादी द्यावी लागते, आणि वादग्रस्त यादीवर आक्षेप आला की वकिलाची फी सुरू होते.

तारीख निवडताना गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि रंगपंचमी टाळावी; गेरमुळे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीमुळे, रंगपंचमीला राजवाड्याकडे वाहन जातच नाही. एका दिवसाचे मतदान असेल, तर सरकारी फेरमतदानाप्रमाणे शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावावी, कारण तर्जनीवर आधीची खूण असू शकते. पहिल्या वेळच्या मतपत्रिका मोहोरबंद ठेवाव्यात आणि त्यांच्यासाठी कुलपाच्या पेटीचे पैसेही अंदाजपत्रकात घालावेत.