स्ट्रीमलिट ॲपच्या टेस्ट लिहिताय? या चुका टाळा

आमच्याकडं दर सहा महिन्यांनी दोन-तीन नवी पोरं शिकायला येतात. पहिल्या आठवड्यात ठरलेला प्रश्न, "दादा, ब्राउझरमध्ये क्लिक करून बघितलं की, टेस्ट कशाला?" दुसऱ्या आठवड्यात तोच गडी पंचवीस टेस्ट लिहून आणतो. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, आणि त्यातल्या वीस कशालाच हात लावत नसतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्ट्रीमलिट म्हणजे पायथॉनमध्ये वेब ॲप बनवायची लायब्ररी. त्यात वापरणाऱ्यानं काहीही दाबलं की अख्खी स्क्रिप्ट पुन्हा वरून खाली धावते. २०२३ साली १.२८ आवृत्तीत आलेलं ॲपटेस्ट हीच स्क्रिप्ट ब्राउझर न उघडता चालवतं, आणि पडद्यावर काय काय आलं असतं त्याची यादी हातात देतं. बटण दाबणं, आकडा भरणं, सगळं पायथॉनमधूनच. काम झकास होतं. पण विचाराल तेवढंच सांगतं.

हे मला माझं नाक कापून कळलं. मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्यासाठी पट्टीचं ॲप केलं होतं. मालाचा प्रकार निवडा, वजन आणि दर टाका, हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, तयार. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला दोन दिवस असताना शेठजींचा फोन आला, "तीस किलो, दहा किलोचे रवे (गुळाच्या ढेपा) आहेत, त्यात एक किलोचा बॉक्स पण घाला." घातला. टेस्टमध्ये बॉक्स निवडून चालवलं, हिरवं आलं, मी फराळाला घरी. पाडव्याला सकाळी मुनीमजी काउंटरवर, समोर गूळ घेऊन आलेले शेतकरी, आणि स्क्रीनवर तांबडी चौकट: की-एरर. हमालीच्या तक्त्यात बॉक्सची ओळच नव्हती. मुनीमजी काही बोलले नाहीत. त्यांनी खण उघडला, कार्बन लावलेलं पट्टीबुक काढलं आणि पेनाचं टोपण काढून लिहायला लागले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

माझी टेस्ट दोनच गोष्टी बघत होती. मथळा 'गूळ पट्टी' आहे का, आणि 'एरर'ची यादी रिकामी आहे का. मथळा स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत, म्हणजे खाली ॲप आपटायच्या आधीच तो छापून झालेला. आणि 'एरर'च्या यादीत फक्त आपण स्वतः दाखवलेले तांबडे संदेश येतात. न पकडलेली चूक 'एक्सेप्शन' नावाच्या वेगळ्या यादीत जाते. ॲपटेस्ट ती तुमच्या अंगावर फेकत नाही, गुपचूप ठेवून देतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये चार ओळींचं एक फंक्शन असतं: ॲप चालवायचं आणि लगेच 'एक्सेप्शन' रिकामं आहे याची खात्री करायची. टेस्टमध्ये कुणी ते फंक्शन सोडून थेट 'रन' (ॲप चालवायची आज्ञा) लिहिलेलं दिसलं तर मी तो कोड परत पाठवतो. शिवाय ड्रॉपडाउनमधले पर्याय हातानं टाइप करत नाही. विजेटच्या (पडद्यावरचं बटण, रकाना, ड्रॉपडाउन यांतलं कुठलंही) 'ऑप्शन्स'मधून घेतो आणि सगळ्यांवरून लूप फिरवतो.

दुसरी चूक पोरांची लाडकी आहे. रकान्यात आकडा भरायला 'सेट व्हॅल्यू' लिहायचं आणि पुढं 'रन' विसरायचं. नवा आकडा स्क्रिप्टपर्यंत पोचतच नाही, तपासणी जुन्याच पडद्याची होते. तरी हिरवं का? एकाच्या टेस्टमध्ये वजन ३०० टाकलेलं, आणि ॲपमध्ये वजनाची सुरुवातीची किंमतही ३००. म्हणून मी टेस्टमध्ये कायम २८७.५ असले वाकडे आकडे घेतो. आणि नवी टेस्ट लिहिली की अपेक्षित रक्कम आधी मुद्दाम चुकीची घालतो. लाल झाली नाही तर ती टेस्ट नव्हेच. काहीजण उलटं करतात, टेस्ट लाल आली की अपेक्षित रक्कमच बदलून टाकतात. त्यांना काय बोलावं?

याचाच भाऊ म्हणजे जादाचं 'रन'. बटण फक्त दाबल्यानंतरच्या एका फेरीपुरतं 'खरं' असतं. पुढच्या फेरीत पट्टी गायब, आणि गडी म्हणतो लायब्ररीत बग आहे. बग तुझ्यात आहे, भावा. मुनीमजींनी पट्टी काढून नंतर दुसरा कुठलाही रकाना बदलला तरी ती अशीच उडाली असती. निकाल सेशन स्टेटमध्ये ठेव, तिथलं एका फेरीतून पुढच्या फेरीत टिकतं.

बाकीच्या चुकांना एवढा वेळ देत नाही. 'पहिलं बटण', 'तिसरं बटण' असं क्रमांकानं पकडू नका. वर कुणी एक बटण घातलं की सगळ्या टेस्ट कोसळतात. प्रत्येक विजेटला 'की', म्हणजे स्वतःचं वेगळं नाव, द्या. फाइलचा पत्ता टेस्टच्या फाइलपासून मोजला जातो, टर्मिनल कुठं उघडलंय तिथून नाही. फंक्शनवरून ॲप उभं करताय तर इम्पोर्ट त्या फंक्शनच्या आतच हवेत. पासवर्ड वगैरे गोष्टी पहिल्या 'रन'आधी टेस्टच्या 'सीक्रेट्स'मध्ये खोट्या भरा, पासवर्डांची खरी फाइल गिटमध्ये ढकलू नका.

टाइमआउट, म्हणजे एक 'रन' संपायची मुदत, मुळात ३ सेकंदांचा असतो. तो वाढवून साठ करणं म्हणजे ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर फोडणं. बहुतेक वेळा टेस्ट खऱ्या डेटाबेसला जाऊन भिडत असते. तिथं खोटा डेटा द्या.

आणि ब्राउझर नाही म्हणजे नाहीच. शेठजींच्या मोबाईलवर रकाने चेंगरले, रंग दिसेना, चार्टवर बोट ठेवलं तर आकडा येईना, यातलं ॲपटेस्टला काहीच दिसत नाही. त्यासाठी खरा ब्राउझर चालवून तपासणारं प्लेराइट आहे, पण ते हळू चालतं म्हणून मी हात राखून वापरतो. माझ्याकडं तसल्या दोनच टेस्ट आहेत: लॉगिन होतं का, आणि पट्टीची पीडीएफ उतरते का.