बागेत वर्ग भरवायचाय? या चुका टाळा

गोव्यातल्या कितीतरी शाळांची बाग ५ जूनला, पर्यावरणदिनी सुरू होते. आंबा, चिकू, फणसाची रोपं येतात, खड्डे खणले जातात, फोटो निघतात. त्या झाडाला फळ धरेपर्यंत पहिलीतलं मूल हायस्कुलात पोचलेलं असतं. झाडं जरूर लावा. पण बालवाडी-पहिलीचा वर्ग बागेत भरवायचा असेल तर सुरुवात भेंडे, काकडी, दोडकी यांनी करा.

त्यातही वेळ साधायला हवी. भेंडे, काकडी साधारण ४५ ते ५० दिवसांत धरू लागतात. जूनच्या मध्यावर बी टाकलं तर चतुर्थीच्या सुट्टीआधी मुलांच्या हातून तोडणी होते, आणि माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीला, बांधायला शाळेतली काकडी घरी जाते. उशीर केलात तर शाळा बंद असताना काकड्या वेलावरच पिवळ्या पडतात. तांबडी भाजी आणि मुळा मात्र दिवाळीनंतरच. आपल्या धो धो पावसात ती नाजूक रोपं मातीला चिकटून कुजतात.

सगळ्यात जास्त घोळ वाफ्यात होतो. मोठ्यांच्या मापाने चार-पाच फूट रुंद वाफा केला की मुलांचा हात मधे पोचत नाही, मग ती सरळ वाफ्यात उतरतात आणि माती दाबून टाकतात. अडीच फूट रुंदी पुरे, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून हात पोचतो. वाफा जमिनीपासून नऊ इंच तरी उंच हवा. खाली जांभ्याचा कातळ असेल तर पाणी तुंबतं आणि रोपं मुळातून सडतात. चिऱ्यांची कड घातलीत तर फटी मातीने बुजवा, तिथे विंचू आणि फुरसं दडतात. ताजं शेण घालू नका, रोपं करपतात. नीट कुजलेलं शेणखत मुठीत घेतलं तर भुसभुशीत लागतं आणि त्याला शेणाची घाण येत नाही. आणि सावली मिळते म्हणून माडाखाली वाफा कधीच नको, वरून नारळ पडतात!

बियाणं दुकानातून आणलं आणि त्यावर गुलाबी किंवा निळा रंग दिसला, तर ते बुरशीनाशक लावलेलं बी आहे. ते मुलांच्या हातात देऊ नका. घरचं चवळीचं किंवा भेंड्याचं बी उत्तम, कारण चिमुकल्या बोटांना ते धरता येतं. उगवलंच नाही तर बहुतेक वेळा ते फार खोल गेलेलं असतं. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर आली की पुरे.

मुलं दुसऱ्याच दिवशी बी उकरून बघतात. त्यांना रागावू नका, त्यांची जिज्ञासा तर हवीच आहे. काचेच्या ग्लासात ओला कागद लावून कडेला चार चवळ्या ठेवा. साल फाटते, आधी मूळ खाली उतरतं, मग वाकलेला कोंब सरळ होतो, हे रोज बघता येतं. कोंबाची लांबी दोरीने मोजा, दोऱ्या फळ्यावर चिकटवा, गणित तिथेच होतं. बाई खणतात, शिपाई पाणी घालतो आणि मुलं रांगेत उभी राहून बघतात, अशा बागेतून काहीच शिकणं होत नाही.

पावसात रोपं रातोरात कुरतडली गेली तर गोगलगायी शोधा. मोठ्या आफ्रिकी गोगलगायींच्या अंगात मेंदूला बाधणारे कृमी असू शकतात. म्हणून त्या मोठ्यांनीच, हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. वाफ्यात मीठ पेरू नका, माती बिघडते. भेंड्याच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो रोग पांढरी माशी पसरवते. असं झाड उपटून टाका. विषारी फवारणी मुलांच्या बागेत नकोच. कुंपणाला कण्हेर असेल तर तीही काढा, ती विषारी असते.

वेळापत्रकात बागेचा तास मधल्या सुट्टीला चिकटवून ठेवू नका. मधे दहा मिनिटं सोडा. वर्गभर मुलांना एका नळावर साबणाने हात धुवायला तेवढी लागतातच.