साठवणीतील शेंगदाण्याचा खवटपणा कसा थांबला : माझा अनुभव

आमच्या साठवणीतील शेंगदाणा पावसाळ्यात खवट होत असे आणि पोत्याच्या तळाशी हिरवट-पिवळी बुरशी दिसे. माल वाळवलेलाच असायचा. मात्र विणलेल्या पोत्यातून दमट हवा आत शिरते आणि दाणा ओलावा पुन्हा शोषून घेतो, हे तळचे व वरचे दाणे आर्द्रतामापकावर वेगवेगळे तपासल्यावर स्पष्ट झाले. ओलाव्यामुळे तेलाचे विघटन होऊन खवटपणा आणणारी मुक्त मेदाम्ले वाढतात, शिवाय ॲस्परजिलस बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्यानेही पूर्णपणे नाहीसे होत नाही. म्हणून बुरशी लागलेला माल निवडत न बसता सगळा टाकून दिला.

त्यानंतर शक्य तेवढा माल शेंगांच्या रूपातच ठेवला, कारण टरफलाइतके चांगले आवेष्टन दुसरे नाही. फोडलेले दाणे सुमारे ७ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवले, तुटके वेगळे काढले आणि पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद पिशव्यांत भरले. गरम माल भरल्यास पिशवीला आतून पाणी सुटते, आणि ही बाब बहुतेकांच्या नजरेतून निसटते. पिशव्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचल्या. पावसाळा उलटल्यावरही दाणा दाताखाली कटकन तुटला. पिशवी वारंवार उघडल्यास हवाबंदपणाचा उपयोग राहत नाही, त्यामुळे आता मी लहान मापाच्याच पिशव्या भरतो.