तलावावर बोट काढताना आधी वारा बघा, मग पाण्याचा रंग

शहरातल्या तलावात कयाक किंवा छोटी बोट घेऊन जाताय ना, तर जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वल्हवत जा, म्हणजे परत येताना हात दमलेले असतात तेव्हा वाराच तुम्हाला ढकलत आणतो, बरेच जण नेमकं उलटं करतात आणि मग पार मधे अडकतात. लाइफ जॅकेट अंगात घालून बकल लावलेलं हवं, सीटखाली ठेवलेल्याचा काडीचा उपयोग नाही.

आता पाण्याचं. उन्हाळ्यात वारा ज्या काठाकडे वाहतो तिथेच हिरवा तवंग येऊन साचतो, त्यामुळे पोरांना पाण्यात खेळवायचं तर शक्यतो दुसरा काठ बघा. तवंग दिसला तर लांब काठी बुडवून वर काढा. केसांसारखे हिरवे धागे लोंबले तर बहुतेक साधं शेवाळ आहे, पण हिरवा ऑइलपेंट लावल्यासारखा थर काठीला चिकटला तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं आणि ते विषारी असू शकतं, मग अजिबात पाण्यात उतरायचं नाही. ते विष पाणी उकळूनही जात नाही. कुत्रा सोबत असेल तर पट्टा सोडू नका प्लीज, तो पाणी पितो, वर अंग चाटतो, आणि कुत्री यात मरतात हो.

अशा पाण्यात गळ टाकूच नका. आणि एरवीही तुटलेली तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) पाण्यात सोडू नका, पक्ष्यांचे पाय अडकतात त्यात, गुंडाळून खिशात टाका.