लहान झाडांचं उन्हाळी पाणी: दिवाळी ते मृग, काय काय तयार ठेवायचं

आधी हिशेब, मग खोरं. झाडं किती आणि पाणी किती, हे एकदा कागदावर मांडा. पहिल्या वर्षाच्या झाडाला आठवड्याला एकदा २० लिटर धरलं तर १०० झाडांच्या एका पाळीला २,००० लिटर लागतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मृगापर्यंत साधारण १८ आठवडे होतात, म्हणजे ३६,००० लिटर. ट्रॅक्टरमागच्या ५,००० लिटरच्या टँकरच्या या आठ खेपा झाल्या, त्यात सांडलवंडही आली. दुसऱ्या वर्षाच्या झाडाला याच्या दुप्पट धरा. आता विहीर, बोअर किंवा शेततळं मे महिन्यात एवढं देईल का, ते बघा. देणार नसेल तर झाडं निम्मी करा, प्रत्येकाचं पाणी निम्मं करू नका. रोज दोन-तीन लिटर शिंपडलेलं पाणी वरच्या चार बोटं मातीतच राहतं आणि ऊन ते उचलून नेतं. मुळंही मग त्या चार बोटांतच फिरतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसल्या वर्षी झाडांसाठी टँकर शोधत फिरण्यात अर्थ नसतो, म्हणून कोणती झाडं आधी जगवायची याचा क्रम आत्ताच लावून ठेवा. कलमी आंबा आणि मोसंबी पाण्याविना लवकर जातात. कडुनिंब, चिंच, सीताफळ एकदा रुजले की थोडी ओढ सोसतात.

पाणी किती दिलं यापेक्षा ते किती खोल गेलं, हे मोजायचं आहे. त्यासाठी आठ किंवा दहा एमएमची अडीच फूट सळई घ्या, टोक थोडं घासा, वरचं टोक हाताला धरता येईल असं वाकवा. पाणी दिल्यावर लगेच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी खोडापासून एक फुटावर ती हातानं दाबा. ओल्या मातीत ती सरकते, कोरडं लागलं की थांबते. दीड फुटापर्यंत गेली तर पाळी बरोबर झाली. सहा इंचांवर अडली तर पाणी वरच पसरलं. मुरमाड रानात सळई दगडावरही अडते, तिथं खुरप्यानं खड्डा करून मूठभर माती दाबून बघण्याला पर्याय नाही.

भारी काळ्या रानाची खोड वेगळी. उन्हाळ्यात ते भेगाळतं आणि आळ्यात ओतलेले दोन डबे भेगेतून सरळ खाली किंवा शेजारच्या तासात (सरीत) जातात. वरून वाटतं, काय झपाट्यानं पाणी प्यायलं! मूळ मात्र कोरडंच असतं. म्हणून पाळीआधी आळ्यातल्या भेगा खुरप्यानं बारीक माती ओढून बुजवायच्या, मग चार-पाच लिटर पाणी हळू सोडून अर्धा तास थांबायचं. माती फुगते, तोंडं मिटतात, त्यानंतर उरलेलं पाणी सावकाश द्यायचं. मुरमाड जमिनीत उलट असतं. पाणी झटकन खाली उतरतं, पण टिकत नाही. तिथं २० लिटर एकदम देण्यापेक्षा दहा-दहा लिटर चार दिवसांच्या अंतरानं द्या. काळ्या रानात हेच अंतर आठ-दहा दिवसांवर नेलं तरी चालतं, आणि न्यावंच. सारखं ओलं राहिलं तर काळ्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात, आणि माणूस त्याला तहान समजून आणखी पाणी ओततो.

नव्या लागवडीत हमखास नजरेतून सुटणारी एक गोष्ट म्हणजे पिशवीतला मातीचा गोळा. रोपवाटिकेतून आलेल्या कलमाच्या पिशवीत बहुतेक वेळा लाल माती आणि खत असतं, खड्डा मात्र काळ्या मातीचा. पहिले काही महिने सगळी मुळं त्या गोळ्यातच असतात आणि तो भोवतालच्या मातीच्या कितीतरी आधी वाळतो. आळं ओलं दिसतं, कलम मात्र सुकत जातं. तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात निम्मं पाणी गोळ्यावरच, खोडापासून चार-सहा इंचांवर पडलं पाहिजे आणि निम्मं फूटभर अंतरावर, म्हणजे मुळांना बाहेर यायला वाट राहील. दुसऱ्या वर्षी ठिबकचे ड्रिपर दीड ते दोन फुटांवर सरकवा. तिसऱ्या वर्षापासून झाडाच्या सावलीची कड जिथं पडते तिथं पाणी द्या. ड्रिपर वर्षानुवर्षं खोडाला चिकटून राहतात आणि झाड वाऱ्यानं कलंडतं, हे बांधावर कुठंही बघायला मिळेल.

आळं संक्रांतीच्या आत करून घ्या. पहिल्या वर्षी दोन-अडीच फूट व्यासाचं, चार इंच उंच बांधाचं पुरे. उतारावर फक्त खालच्या बाजूनं अर्धगोल बांध घाला. मोसंबीला दुहेरी आळं हवंच. खोडाभोवती मातीची एक आतली कडी आणि पाणी बाहेरच्या कडीत. खोडाशी पाणी साचलं की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) धरतो, आणि तो एकदा लागला की निस्तरता निस्तरत नाही.

पाणी सावकाश देण्याची साधनं बरीच आहेत, पण सगळी सगळीकडं कामाची नाहीत. टँकरवर भागवायचं असेल तर २० लिटरचा जुना कॅन सगळ्यात सोपा. तळापासून बोटभर वर बारीक खिळा तापवून एक एमएमचं भोक पाडा. अगदी तळाशी पाडलं तर गाळ बसून ते पहिल्याच आठवड्यात बुजतं. एवढ्या भोकातून भरलेला कॅन सुरुवातीला ताशी चार-पाच लिटर सोडतो, पुढं धार मंदावते आणि आठ-दहा तासांत रिकामा होतो. संध्याकाळी भरला की रात्रभर काम होतं. भोक दोन एमएमचं झालं तर तेच पाणी अडीच तासांत संपतं, तेव्हा खिळा निवडताना घाई नको. झाकण घट्ट लावलं तर आत हवा जात नाही आणि धार थांबते, म्हणून ते अर्ध्या आट्यावर ठेवा. कॅन फडक्यातून गाळूनच भरा. रिकामा कॅन वाऱ्यानं उडतो, त्याला दगड किंवा दोरी लागतेच.

मडकं पुरायचं असेल तर आठ-दहा लिटरचं, रंग किंवा पॉलिश नसलेलं घ्या. बाजारात नवी मडकी आली की निवड चांगली मिळते. घेतल्यावर भरून सावलीत ठेवा. काही तासांत बाहेरून ओल दिसली नाही तर ते झिरपणार नाही, परत करा. खोडापासून फूट-सव्वा फुटावर गळ्यापर्यंत पुरा आणि भोवती चाळलेली माती व शेणखत नीट ठासून भरा. मडक्याची पाठ मातीला चिकटलेली नसेल तर ओल पुढं जातच नाही, आणि काळी माती सुकताना मडक्यापासून सुटते, त्यामुळं पंधरा दिवसांनी ती फट पुन्हा भरावी लागते. तोंडावर परळ ठेवा, नाहीतर डास होतात, खारी पडतात. एक मडकं कलमाला पुरत नाही, समोरासमोर दोन लागतात. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं मडक्याची छिद्रं हळूहळू बुजतात. हंगाम संपल्यावर काढून काथ्यानं घासून वाळवलं तर आणखी एखादा उन्हाळा निघतो.

सलाईनच्या बाटल्या टांगण्याची फॅशन आहे. अर्ध्या लिटरनं कलमाचं काय होणार? शिवाय दवाखान्यात वापरलेल्या बाटल्या हा वैद्यकीय कचरा आहे, तो शेतात आणू नये. उभा पीव्हीसी पाइप पुरून त्यातून पाणी देणं भारी जमिनीत ठीक, मुरमात मात्र ते मुळांना वळसा घालून खाली जातं.

ठिबक असेल तर जानेवारीतच चालवून बघा. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर अडीच तास चालले की २० लिटर होतात, पण ड्रिपरवर लिहिलेलं आणि पडणारं यात फरक असतो. लिटरचं माप घ्या, पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या झाडाखाली १५ मिनिटं ठेवा. भरायला हवं. शेवटचं निम्मंच भरलं तर सगळ्या ओळीचा वेळ वाढवू नका. आधी फिल्टरची जाळी धुवा, मग लॅटरलच्या (ओळीतल्या नळीच्या) टोकाच्या एंड कॅप उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. उघडता येणारे ड्रिपर घ्या. तारेनं भोक मोठं करून ‘दुरुस्त’ केलेला ड्रिपर पुढच्या दहा झाडांचं पाणी खातो. जोडणीचे सुटे भाग, दोन-चार मीटर १६ एमएमची नळी आणि डझनभर ड्रिपर घरात असू द्या, कारण मे महिन्यात उंदीर, खारी, कुत्री पाण्यासाठी नळ्या कुरतडतातच. शेतीची लाईट पाळीनं रात्री येते, तेव्हा मोटार ऑटोवर टाकून झोपायचं असेल तर कोणता व्हॉल्व्ह उघडा ठेवला आहे ते झोपण्याआधी बघा. लाईट सहा तास राहिली तर एका ओळीत चिखल आणि दुसरीत धूळ, असा प्रकार होतो.

आच्छादन दिवाळीनंतर, जमिनीत परतीच्या पावसाची ओल असतानाच टाकायचं. वाळलेल्या मातीवर टाकलेलं आच्छादन कोरडच जपतं. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, वाळलेलं गवत, जे मिळेल ते चार इंच जाड. खोडापासून मात्र वीतभर जागा उघडी ठेवा. पऱ्हाट्या आणि तुराट्या खोडाला टेकवल्या की उधई चढते, त्या सावलीसाठी वापरा: पश्चिमेला आडोसा करा, दुपारनंतरचं ऊन तिकडूनच येतं. खोडाला दीड-दोन फुटांपर्यंत चुना लावला तर साल भाजत नाही. आळ्यातलं तण उपटून तिथंच पसरा.

एप्रिल-मेमध्ये झाड दुपारी बघून निर्णय घेऊ नका. दुपारी पाणी पिऊन बसलेलं झाडही माना टाकतं. सकाळी ऊन यायच्या आत कोवळा शेंडा लवलेला असेल, तर त्याच दिवशी पाणी द्या. सीताफळाची पानं उन्हाळ्यात झडतात, ते मेलं समजून उपटू नका. नखानं साल खरवडा, आत हिरवं असेल तर पाळी चालू ठेवा, फक्त अंतर वाढवा. ओलाव्याच्या कडेला पांढरा थर दिसू लागला तर ते बोअरचे क्षार आहेत. महिन्यातून एक पाळी दीडपट द्या, म्हणजे ते मुळांच्या खाली ढकलले जातात. गावाला जायचं असेल तर आदल्या दिवशी पूर्ण पाळी द्या, दुप्पट देऊन काही साधत नाही.

वळवाच्या पहिल्या हलक्या सरींना लगेच पाणी बंद करू नका. कडेला साचलेले क्षार त्या सरींनी मुळांकडं ओढले जातात, म्हणून दमदार पाऊस होईपर्यंत पाळी चालू ठेवा. तो झाला की काळ्या रानातली आळी फोडा, खोडाशी मातीची भर लावा, पाणी बाहेर काढून द्या. कॅन, ठिबक आणि सळई मात्र गुंडाळून माळ्यावर टाकू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा दोन-तीन आठवड्यांचा खंड मराठवाड्यात नवा नाही, आणि जूनमध्ये लावलेली रोपं बहुतेक त्याच खंडात जातात. सलग दहा दिवस पाऊस नाही असं दिसलं की रोपाला दहा लिटर द्या आणि दुसऱ्या दिवशी सळई घालून बघा.