मुलाला व्हायोलिन शिकवताय? या चुका टाळा

लहान मूल व्हायोलिन सोडतं तेव्हा घरचे म्हणतात, "त्याला सूरच नाही." माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या बाबतीत कारण दुसरंच निघतं. वाद्य चुकीच्या मापाचं असतं, नाहीतर घोडी, म्हणजे तारा पेलणारी लाकडी पट्टी, वाकडी बसलेली असते, नाहीतर दोन महिन्यांत गाणं ऐकायची घाई मोठ्यांना झालेली असते. मुलाचा दोष क्वचितच असतो.

"वाढतं अंग आहे, मोठंच घेऊ"

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, म्हणून आधी हीच. शाळेचा गणवेश मोठा घेतला तर बाह्या दुमडता येतात. व्हायोलिनचं तसं नाही. १/१६ पासून ४/४ पर्यंत मापं बनतात ती काही उगाच नाही. पाव व्हायोलिन म्हणजे पाव लांबीचं नव्हे, हेही लक्षात घ्या. पूर्ण मापाच्या व्हायोलिनचं पोट साधारण १४ इंच लांब असतं, पाव मापाचं ११ इंचांच्या आसपास. हा तीन इंचांचा फरक दुकानात किरकोळ वाटतो. मुलाच्या हाताला तो झेपत नाही.

दुसरीतली एक मुलगी मोठ्या भावाचं पाऊण मापाचं व्हायोलिन घेऊन आली होती. त्याआधी दुसरीकडे वर्षभर शिकलेली. डावा हात ताठ, मनगट दांडीला टेकलेलं, खांदा कानापर्यंत चढलेला. करंगळी तारेपर्यंत पोचतच नव्हती. उजव्या हाताची गत त्याहून वाईट. बो (गज) टोकापर्यंत नेताना हात अपुरा पडायचा, मग बो तिरका होऊन फिंगरबोर्डवर, म्हणजे बोटं ठेवायच्या पट्टीवर, घसरायचा आणि आवाज घोगरा यायचा. आई म्हणाली, "ताई, हिला सूर कळत नाही बहुतेक." मी तिला सरगम गायला सांगितली. पोरगी अगदी सुरात गायली. पाव मापाचं वाद्य दिल्यावर बो काही आठवड्यांत सरळ झाला. चढलेला खांदा उतरायला मात्र वर्ष गेलं, आणि अजूनही काही अवघड आलं की तो वर जातो.

वयावरून माप सांगणारे तक्ते मी बघत नाही. मुलाला व्हायोलिन नीट मानेशी धरायला लावते आणि डावा हात लांब करायला सांगते. स्क्रोल, म्हणजे दांडीच्या टोकाची गुंडाळी, तळहातात यायला हवं, बोटं त्यावरून सहज वळायला हवीत आणि कोपर थोडं वाकलेलं राहायला हवं. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. दर दोन वर्षांनी नवं घेणं परवडत नाही हे मान्य. अशा वेळी भाड्याने मिळतं का बघा, किंवा क्लासमधल्या मोठ्या मुलाचं लहान झालेलं घ्या. मी तर या अदलाबदलीसाठी पालकांना एकमेकांशी गाठ घालूनच देते.

खुंट्या पिळणं

एका मुलाच्या बाबांनी सूर उतरला म्हणून चारही खुंट्या एकदम सैल केल्या. घोडी पडली. व्हायोलिनची घोडी चिकटवलेली नसते, ती निव्वळ तारांच्या दाबावर उभी असते. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी ती फेविक्विकने चिकटवली, आणि तीही उलटी: बुटकी बाजू जाड तारेखाली. तेवढ्यावर भागलं नाही. पोटाच्या आत, घोडीच्या पायाजवळ साउंड पोस्ट नावाची एक लाकडी काडी उभी असते, तीही दाबावरच. ती आडवी झाली होती आणि वाद्य हलवलं की खडखडायची. मुलगा तशा वाद्यावर पुढच्या क्लासपर्यंत रोज सराव करत राहिला. कारागिराने घोडी कापून काढली तेव्हा तिच्याखालचं व्हार्निशही निघून आलं.

तेव्हापासून माझा नियम आहे: पहिलं वर्ष घरच्यांनी खुंटीला हात लावायचा नाही, फक्त फाइन ट्यूनर, म्हणजे तार किंचित चढवायचे-उतरवायचे छोटे स्क्रू, फिरवायचे. चारही तारांना फाइन ट्यूनर असलेलं टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी) बसवून घ्या, लहान व्हायोलिनला तेच सोयीचं. तार बदलायची तर एका वेळी एकच. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात, थंडीच्या कोरड्या हवेत आकसून घसरतात. घसरणाऱ्या खुंटीला किंचित खडू लावून, आत दाबत फिरवतात. अडकलेलीवर जोर न करता ती क्लासमध्ये घेऊन या.

क्लासमध्ये एक, यूट्यूबवर दुसरं

आपल्याकडे हा घोळ जास्त होतो, कारण इथे दोन्ही परंपरा नांदतात. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग यांनी हे वाद्य रागसंगीतात मांडी घालून वाजवलं. गोव्यात ते चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य पद्धतीने शिकवलं गेलं आणि तिथले वादक मुंबईच्या सिनेसंगीतात आले. एकीकडे स्क्रोल पायावर टेकतं, दुसरीकडे वाद्य खांदा-हनुवटीत धरतात. एकीकडे तारा बहुधा सा आणि प मध्ये जुळवतात, दुसरीकडे जी, डी, ए, ई. क्लासमध्ये सा-प आणि घरी अ‍ॅपवर जी-डी-ए-ई जुळवलं, की एका तारेवरून दुसरीवर जाताच मुलाची सरगम बिघडते आणि बोलणी त्यालाच बसतात. कुठलीही एक पद्धत निवडा आणि काही वर्षं तिच्यातच राहा. रोज नवा व्हिडिओ दाखवणं हा शॉर्टकट नाही, त्याने मूल गोंधळतं.

फिंगरबोर्डवर रंगीत पट्ट्यांची रांग लावू नका. मी दोनच पट्ट्या लावते आणि काही महिन्यांत काढते, नाहीतर मूल सूर डोळ्यांनी शोधायला लागतं. आधी गायचं, मग वाजवायचं.

गॅदरिंगसाठी घाईने एक गाणं बसवून घ्यायला मी सरळ नकार देते. आधी मोकळ्या तारेवर लांब, सरळ बो आला पाहिजे. अंगठा वाकलेला, करंगळी गोल. ते न येता बसवलेलं गाणं टाळ्या मिळवतं आणि ताठ अंगठा कायमचा देऊन जातं. जपानच्या शिनिची सुझुकींच्या पद्धतीत तर छोट्यांच्या हातात आधी खोक्याचं व्हायोलिन देतात आणि आई किंवा बाबा स्वतः थोडं वाजवायला शिकतात. माझ्या क्लासमध्येही पालकांनी एकदा तरी बो धरून बघावा, हा माझा आग्रह असतो. त्यानंतर "अजून गाणं कसं नाही?" हा प्रश्न बंद होतो.

नव्या बोमधून आवाज येत नाही म्हणून वाद्य परत करायला निघालेले पालक दरवर्षी भेटतात. बोच्या केसांना रोझिन (राळेची वडी) लागलेलं नसतं, एवढंच. नवी वडी गुळगुळीत असते, तिला सॅंडपेपरने हलके ओरखडे काढा आणि भरपूर लावा. बोच्या केसांना बोटं लावू नका. वाजवून झालं की बो सैल करा.

रविवारी तासभर बसवण्यापेक्षा रोज सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं पुरतात. व्हायोलिन माळ्यावर ठेवू नका, मुलाचा हात पोचेल अशा जागी ठेवा. आणि व्हायोलिनच्या पेटीत एक जादा ई तार असू द्या. लहान मापाची तार जवळच्या दुकानात मिळेलच असं नाही.