ऑइलची पातळी स्क्रीनवर दर वेळी वेगळी दिसते? सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

आधी डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या दिव्याचा रंग पाहा. लाल ऑइलकॅनचं चिन्ह पेटलं तर तो दाबाचा इशारा आहे. स्क्रीन पातळी भरलेली दाखवत असली तरी गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं आणि पुढे टो करूनच न्यायची. पिवळा दिवा पातळीचा. पुढचं सगळं त्या पिवळ्या दिव्याबद्दल आणि आज ‘मॅक्स’, उद्या ‘मिन’, परवा ‘मापन उपलब्ध नाही’ म्हणणाऱ्या स्क्रीनबद्दल आहे.

पातळीचा सेन्सर बहुतेक गाड्यांत ऑइल चेंबरच्या (इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्याच्या) तळाला बसवलेला असतो. जुन्या धाटणीच्या सेन्सरमध्ये एक घटक क्षणभर तापवून तो किती वेळात निवतो ते मोजतात. जितका जास्त भाग ऑइलमध्ये बुडालेला, तितका तो लवकर निवतो. अल्ट्रासॉनिक सेन्सर तळातून ध्वनी सोडतो आणि तो पृष्ठभागावर आपटून परत यायला लागणारा वेळ मोजतो. कपॅसिटिव्ह प्रकारात ऑइलची उंची बदलली की धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते. हेलकाव्यांनी आकडा नाचू नये म्हणून मापन सहसा एका छोट्या कप्प्यात होतं आणि ऑइल त्यात बारीक भोकांतून येतं. चालत्या इंजिनात बरंच ऑइल वर सिलिंडर हेडमध्ये आणि वाटेत असतं. म्हणून कंप्युटर तापमान आणि आरपीएम विचारात घेऊन अनेक मापनांची सरासरी काढतो. स्क्रीनवरची पट्टी म्हणजे हा अंदाज. तोही बऱ्याचदा काही किलोमीटर शिळा.

त्यामुळे पहिला संशय सेन्सरवर घ्यायचा नाही, मोजण्याच्या परिस्थितीवर घ्यायचा. गाडी सपाट जागेवर हवी. ऑइल खरोखर तापलेलं हवं. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइलही तापलं असं नसतं, ते बरंच मागे राहतं. वीसेक मिनिटं सलग चालवून मगच मोजा. मोजताना इंजिन चालू ठेवायचं की बंद, हे गाडीगणिक वेगळं आहे. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत मेनूतून सविस्तर मापन सुरू केल्यावर गाडी उभी आणि इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवावं लागतं. डिपस्टिक (पातळी बघायची सळई) असलेल्या बहुतेक गाड्यांत मात्र इंजिन बंद करून किमान पाच मिनिटं थांबायचं असतं. या दोन पद्धतींची सरमिसळ झाली की अर्ध्या लिटरची तफावत सहज दिसते आणि दोष सेन्सरच्या माथी जातो.

तापमानाचा हिशेबही डोक्यात ठेवा. ऑइल दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०७ टक्के फुगतं. २० अंशांवरचं ५ लिटर ऑइल ९० अंशांवर जवळजवळ पाव लिटरने वाढलेलं असतं. मिन ते मॅक्स हे अंतर अनेक गाड्यांत साधारण १ लिटरचं, म्हणजे हा फरक पट्टीचा चौथा हिस्सा झाला!

सर्व्हिसिंग किंवा टॉप-अपनंतर जुनाच आकडा दिसणं हा बहुधा बिघाड नसतो. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या काही मॉडेलांत बॉनेट उघडल्याचा सिग्नल मिळाला की जुनी सरासरी बाजूला ठेवून नव्याने मोजणी सुरू होते. बॉनेटच्या लॅचमधला स्विच खराब असेल तर ऑइल टाकूनही इशारा बराच काळ जात नाही. बॉनेट उघडं ठेवल्यावर डॅशबोर्डवर ‘बॉनेट उघडं’ असं येतं का पाहा. नाही आलं, तर आधी तो स्विच.

इशारा आला म्हणून थेट एक लिटर ओतू नका. २५० मिली टाका, ठरलेल्या पद्धतीने पुन्हा मोजा. जास्त भरलेलं ऑइल क्रँकशाफ्टने घुसळलं जाऊन फेसाळतं, फेसामुळे दाब ढासळतो, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) ऑइल इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या मार्गात) जातं. फेस असला की सेन्सरही चुकीचं वाचतो, म्हणजे एका चुकीतून दुसरी.

आता आकडा कसा चुकतोय ते बघा. काही न टाकता पातळी हळूहळू वाढत असेल तर सेन्सर बहुधा खरं बोलतोय: ऑइलमध्ये इंधन मिसळतंय. डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, वारंवार अर्धवट राहणाऱ्या डिझेल गाड्यांत आणि थंड इंजिनावर छोट्या फेऱ्या मारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल गाड्यांत हे होतं. वास घ्या, इंधनाचा असेल तर ऑइल बदला आणि कारण शोधा. आकडा एकाच जागी गोठला असेल आणि ऑइल बदलायला उशीर झालेला असेल, तर गाळाने सेन्सरच्या कप्प्याची भोकं बुजल्याची शक्यता मोठी. खड्ड्यात किंवा वळणावर आकडा उडत असेल, अधूनमधून ‘उपलब्ध नाही’ येत असेल, तर वायरिंगकडे वळा.

डिपस्टिक नसलेल्या गाडीत खरी पातळी कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ऑइल काढून मोजणं. काही गाड्यांत डिपस्टिकची नळी असते, पण तोंडाला नुसतं झाकण. तिथे वर्कशॉपची मोजपट्टी आणि मॅन्युअलमधला तक्ता चालतो. नाहीतर गरम ऑइल स्वच्छ भांड्यात १५ मिनिटं गळू द्या. गाडी सपाट हवी. फक्त पुढून जॅकवर चढवली तर काही ऑइल आतच अडकतं. जॅक स्टँडशिवाय गाडीखाली जायचं नाही. निघालेलं ऑइल लिटरमध्ये मोजण्यापेक्षा तोला, तापमानाची भानगड मिटते. लिटरला साधारण ०.८५ किलो धरा: ४.२५ किलो म्हणजे ५ लिटर. फिल्टरमध्ये राहिलेलं वेगळं. मॅन्युअलमधली भरण्याची क्षमता आणि हे वजन जुळलं, तरी स्क्रीन ‘मिन’ म्हणत होती, तर आता खुशाल सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्या.

गाडीच्या कंप्युटरमधले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी२५०ए ते पी२५०ई हे कोड पातळीच्या सेन्सरच्या सर्किटचे. पण साधा स्कॅनर फक्त इंजिन कंप्युटर वाचतो. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत हा सेन्सर (जी२६६) इन्स्ट्रुमेंट क्लस्टरला (स्पीडोमीटर असलेल्या पॅनेलला) जोडलेला असतो, त्यामुळे ‘कोड नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा होत नाही. क्लस्टर वाचणारा स्कॅनर वापरा.

कनेक्टर काढा. पिनांवर ऑइल दिसलं तर सेन्सरचं सील आतून गेलंय. पुसून उपयोग नाही, ते पुन्हा येणार. हिरवट गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. बऱ्याच सेन्सरना तीनच वायरी असतात: सप्लाय, अर्थ, सिग्नल. सर्किट डायग्राममध्ये सप्लाय १२ व्होल्टचा असल्याची खात्री करून इग्निशन ऑन ठेवा आणि सप्लाय व अर्थ यांच्यात ५ वॅटचा बल्ब लावून व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी आलं, तर फ्यूज, जोड किंवा अर्थ यांत रोध आहे. नुसता मल्टिमीटर लावला तर गंजलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते. सिग्नलच्या वायरीला बल्ब लावायचा नाही. सिग्नल बहुधा स्पंदांचा असल्याने मीटर सरासरीच दाखवतो. स्कॅनरवरचा लाइव्ह डेटा किंवा ऑसिलोस्कोप (स्पंदांचा आलेख दाखवणारं यंत्र) हवा.

सेन्सर बदलायचाच असेल तर पार्ट नंबर जुळवून घ्या; दिसायला सारखे, पण उंचीने वेगळे सेन्सर मिळतात आणि तेही आकडा चुकवतात. जुना काढल्यावर गाळाने भरलेला दिसला तर चेंबरही साफ करा. नवी ओ-रिंग किंवा गॅस्केट लावा. छोटे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच कसा, कारण ॲल्युमिनियमच्या चेंबरमधले आटे पटकन जातात. मोजून ऑइल भरा, कोड पुसा, इंजिन चालवून खालून गळती पाहा. त्यानंतर थोडं चालवेपर्यंत स्क्रीनवर आकडा आला नाही तर घाई करू नका, सरासरी नव्याने बनतेय.